विसण

रविवारी सकाळी साडेनऊला अंघोळी उरकून, हातात रिकामा स्टीलचा डबा घेऊन दीडशे बायका आणि सात पुरुष एका सभागृहात जमतात, ते कशासाठी? 'शाश्वत परसबाग आणि जलसंवर्धन : मोफत कार्यशाळा' असं बॅनरवर लिहिलेलं असायचं. खरं म्हणाल तर चहा, दोन बिस्किटं आणि डबाभर जिवाणू यांच्यासाठी. जिवाणू माझे होते, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मलाही तिथे जावं लागायचं.

मी डॉ. सुहासिनी आवटी. मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. ही हकिगत सांगलीची, २०४४ सालची. घरोघरी नळाला मीटर बसून तेव्हा चार वर्षं झाली होती. दिवसाला माणशी साठ लिटर झाले की नळ आपोआप बंद. अशा दिवसांत जास्वंदीला पाणी घालायचं की डाळ शिजवायची, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण गॅलऱ्यागॅलऱ्यांतून वाळकी तुळस दिसायला लागली होती.

त्यावर आमच्या प्रयोगशाळेने उपाय काढला. मातीत काही जिवाणू असे असतात की ते स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण तयार करतात. सब्ज्याचं बी भिजवलं की त्याच्याभोवती जसा गर धरतो, तसंच. या गरात पाणी अडकून राहतं आणि झाडाचं मूळ ते हवं तेव्हा शोषून घेतं. आम्ही असा एक जिवाणू निवडून, त्याच्या जनुकांत थोडा फेरफार करून, चौपट गर करणारा वाण तयार केला. कुंडीत त्याचे चार चमचे आणि वर भाजीची देठं, सालं टाकली की रोज लागणारं पाणी बारा दिवसांतून एकदा पुरायचं.

धोका एकच होता. जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. महिनाभरात शेकडो पिढ्या होतात आणि त्यात जास्तीत जास्त गर करणारे हावरट निपजतात. ते बाकीच्यांना उपाशी मारतात आणि माती इतकी चिकट करून ठेवतात की पाणी खाली झिरपतच नाही. कुंडीत त्याने फारसं बिघडत नाही. उघड्या जमिनीत मात्र ती मोठी आपत्ती. म्हणून नियम असा की तीस दिवस झाले की कुंडीतल्या मातीचा वरचा थर डब्यात काढायचा, त्यावर उकळतं पाणी ओतून सगळे जिवाणू मारायचे, मेलेला गाळ खत म्हणून कॉलनीच्या बागेत टाकायचा आणि कार्यशाळेत येऊन ताजे न्यायचे. शाळकरी पोरालाही जमेल इतकी सोपी कृती होती.

प्रयोगशाळेत या वाणाचं नाव एस-४१. पण तो लोकांपर्यंत पोचवायचं काम 'हिरवी ओंजळ प्रतिष्ठान'कडे गेलं आणि प्रतिष्ठानचे संचालक श्री. अद्वैत कारखानीस यांनी त्याचं बारसं करून 'जलसखी' असं नाव ठेवलं. हे गृहस्थ खादीचा झब्बा घालायचे आणि माइक हातात आला की डोळे मिटायचे. "माती आपल्याशी बोलते," ते सांगायचे. "आपण ऐकायला विसरलो." मी पस्तीस वर्षं मातीत हात घालून बसले, माझ्याशी ती एक अक्षर बोललेली नाही. बायका मात्र माना डोलवायच्या. मग प्रत्येक डब्याचा फोटो, डब्यासकट बाईचा फोटो, बाईसकट कारखानीसांचा फोटो. तासभराच्या कार्यशाळेत पंचेचाळीस मिनिटं फोटोंची. मी कोपऱ्यात बसून जिवाणू वाटायची आणि चहाच्या आधी सटकायची.

या सगळ्यांत पहिल्या रांगेत माझी धाकटी जाऊ, प्रणिता. बारावी झालेली, लग्नानंतर वीस वर्षं स्वयंपाक केलेली, आणि मग एके दिवशी कॉलनीच्या बागेला लागून असलेल्या आमच्या पडीक गुंठाभर जागेत रोपं करायला लागलेली. काळ्या पिशव्यांत चारशे रोपं. तीही गुलाब-शेवंती नाही, तर बहावा, वारस, मोई, काळा कुडा, करंज, असली कोणी विकत न घेणारी रानझाडं. टेकड्यांवर लावायला वनखातं आणि शाळा ती घेऊन जायच्या. एवढ्या भांडवलावर बाई प्रतिष्ठानची 'जलदूत' झाली होती. गळ्यात ओळखपत्र घालून ती घरोघरी कृती समजावून सांगायची. घरातल्या समारंभात कोणी मला माझ्या कामाबद्दल विचारलं तर मधेच "आम्ही म्हणजे कसं करतो" म्हणून सुरू करायची. आम्ही! मी बशी उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

एप्रिलच्या शेवटी वळवाची एक जोरदार सर येऊन गेली. चौथ्या दिवशी प्रणिताचा फोन आला.

"अक्का, बागेत पाणी तुंबलंय."

"पाऊस पडला की तुंबतं."

"आज चौथा दिवस आहे की. शोषखड्ड्यांच्या भोवती नुसतं तळं. आणि विहिरीला बोटभर पाणी चढलेलं नाही. वळवात दरसाल दोन पायऱ्या तरी चढतंच."

"खड्ड्यात पालापाचोळा अडकला असेल. काढायला सांग कुणाला तरी."

"मी स्वतः काढला. पाचोळा नाही काही."

"प्रणिता, मी मीटिंगमध्ये आहे," मी म्हणाले. मी आंबा खात होते.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. सुरक्षारक्षकाने अडवलं तर म्हणे, "डॉक्टरबाईंची जाऊ आहे." माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा पालथा घातला. माती अख्खी बाहेर आली, डब्याच्या आकारासकट, आणि खरवसासारखी हलत राहिली.

मी बोट लावलं. बोट आत गेलं आणि काढलं तसा खळगा हळूहळू भरून आला. प्रणिता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हे आपल्या जलसखीचंच आहे नव्हं?" तिने विचारलं.

"शक्य नाही," मी म्हणाले. "बागेत जातो तो मेलेला गाळ असतो."

शक्य नाही म्हणत मी तिच्याच स्कूटरवर मागे बसून बागेत गेले. पाणी झिरपण्याची चाचणी अगदी गावठी असते. पत्र्याची एक कडी जमिनीत ठोकायची, आत लिटरभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीतसुद्धा तासाभरात लिटरभर पाणी उतरतं. मी अकरा वाजता ओतलं. दोन वाजता तिने मला घरून भाकरी आणून दिली, तेव्हा पाणी होतं तेवढंच होतं आणि त्यात एक मुंगळा पोहत होता.

बागेत तीन शोषखड्डे होते. पावसाचं सगळं पाणी त्यांतून खाली जाऊन बागेच्या खालच्या अंगाच्या विहिरीला मिळायचं. मीटर बसल्यापासून त्या विहिरीवर चव्वेचाळीस घरं धुणीभांडी करत होती आणि प्रणिताची चारशे रोपं जगत होती. चौदा महिने दीडशे घरांनी दर महिन्याला आपापला डबा त्या खड्ड्यांच्या भोवती, 'खत' म्हणून, श्रद्धेने पसरला होता. आता मृग पाच आठवड्यांवर होता. तोवर ती माती मोकळी झाली नाही तर पावसाळाभर पाणी वरच्या वर गटारात वाहून जाणार आणि विहीर कोरडी राहणार. एवढं गणित प्रणिताला माझ्याआधीच कळलं होतं. ती विहिरीच्या कठड्यावर बसून कोरड्या पायऱ्या मोजत होती.

"कोणीतरी उकळतं पाणी ओतत नाहीये," मी म्हणाले. "आळशीपणा. दीडशेतल्या दहा जणींनी जरी टाळलं तरी..."

"सगळ्या ओततात," ती म्हणाली. "मी घरोघरी जाऊन बघितलंय. शप्पथ."

"मग तू कशी करतेस ते दाखव."

तिच्या स्वयंपाकघरात मी कितीतरी वर्षांनी पाऊल टाकलं. तिने पातेलं चढवलं, पाण्याला खळखळून उकळी आणली. कुंडीतला थर डब्यात काढलेला होताच. माझं समाधान होत होतं. मग तिने पातेलं उतरवलं, माठाजवळ नेलं, एक तांब्या गार पाणी त्यात ओतलं, बोट बुडवून बघितलं आणि अजून अर्धा तांब्या ओतला.

"हे काय केलंस?"

"काय?"

"गार पाणी का घातलंस?"

"विसण घातलं की," ती म्हणाली. अंघोळीच्या कढत पाण्यात घालतात ते विसण मला माहीत होतं. "कढत पाणी असं सरळ मातीत ओततात होय, अक्का? गांडुळं असतात, मुंग्या असतात. मोरीत भाताची पेज ओततानासुद्धा आधी गार पाणी सोडतो आपण. तुमच्या घरी नाही करत?"

आमच्याही घरी करत होते. माझी आई करायची, सासूबाई करायच्या. 'कढत पाणी भुईवर ओतू नये, जीव मरतात.' मी हे लहानपणापासून ऐकलं होतं. पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत जिवाणूंवर वाफ सोडणाऱ्या बाईला ते आठवायचं काही कारण नव्हतं.

मी पर्समधून तापमापक काढला. चोपन्न अंश.

"सगळ्या असंच करतात?"

"सगळ्याच. कढत ओतेल कोण?"

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. एस-४१ मरतो सत्तर अंशांना. चोपन्न अंशांना मरतात फक्त नाजूक, अंगावर पातळ आवरण असलेले. ज्यांच्याभोवती गर जाड, ते आत सुरक्षित राहतात. म्हणजे दर महिन्याला दीडशे घरांमधून कमी गर करणारे वेचून मारले गेले होते आणि जास्तीत जास्त चिकट तेवढे जिवंत ठेवून बागेत पेरले गेले होते. वाचलेले जिवाणू डब्याच्या कडांना चिकटून राहायचे, कार्यशाळेतले ताजे त्याच डब्यात मिसळून कुंडीत जायचे, आणि पुन्हा पुढच्या महिन्यात तीच निवड. आम्हाला प्रयोगशाळेत चौपट गर मिळवायला सहा वर्षं लागली होती. या बायकांनी तांब्याभर गार पाण्याने चौदा महिन्यांत तो कितीपट केला होता ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

"मारण्यासाठीच तर सांगितलं होतं!" मी ओरडले. "जीव मरावेत म्हणूनच!"

"असं कुठे लिहिलंय?" प्रणिताने फ्रिजवर चिकटवलेलं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. 'महिनाअखेर डब्यातील जलसखीला गरम पाण्याने निरोप द्यावा व गाळ बागेस अर्पण करावा.'

निरोप! अर्पण! आता कारखानीसांना सोलून काढायचं या आनंदात मी घरी आले आणि जुने ईमेल उघडले. पत्रकाच्या मसुद्याबरोबर मी त्यांना एक पान जोडलं होतं, असं मला पक्कं आठवत होतं. उकळतंच पाणी का, तीसच दिवस का, जमिनीत गेलं तर काय होईल, सगळं सोप्या मराठीत. ते पान मला सापडलं. त्याच्यावर दोन दिवसांनी कारखानीसांना पाठवलेला माझाच दुसरा ईमेलही सापडला. 'शेवटचं पान गाळा. या वर्गाला कारणं सांगून उपयोग नसतो, उगाच गोंधळ होतो. फक्त कृती द्या.'

तो ईमेल मी चार वेळा वाचला. 'या वर्गाला' हे शब्द टंकताना मला काहीही वाटलं नव्हतं, हेही मला आठवलं. माझीच मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठानच्या कार्यालयात मी सगळं सांगितलं. कारखानीसांनी डोळे मिटून ऐकलं. मग उघडले, आणि त्यात ध्यानाचा मागमूस नव्हता.

"डॉक्टर, हे बाहेर गेलं तर सहा जिल्ह्यांतल्या कार्यशाळा बंद होतील. नीट शब्दांत मांडू या. 'लाभार्थींकडून कृतीचं पालन न झाल्याने.' यात खोटं काय आहे? विसण त्यांनीच घातलं ना?"

"आणि जबाबदार कोण?"

"स्थानिक जलदूतांनी देखरेख करायची होती. तिथल्या जलदूत कोण, त्या... प्रणिता आवटी." मग त्यांना काहीतरी उमगलं. "तुमच्या नात्यातल्या?"

"जाऊ."

"मग तर तुम्हाला घरच्या घरी समजावता येईल," ते म्हणाले. "त्यांना काय, काही पद नाही, नोकरी नाही. चार दिवस लोक बोलतील. तुमची मात्र अख्खी कारकीर्द आहे."

मला इथे एक कबुली द्यायला हवी. मी लगेच उठून आले नाही. मी तिथे बसून तो प्रस्ताव दोन मिनिटं तोलून पाहिला. तो सोयीचा होता. प्रणिताचा मला वीस वर्षं राग होता आणि एका वाक्यात तिचं ते ओळखपत्र गळ्यातून निघालं असतं. पण मग विहिरीचं काय? कृती पाळली नाही म्हणून ज्या बायकांना दोष द्यायचा, त्याच बायकांनी आपापल्या कुंड्या रिकाम्या केल्याशिवाय ती माती सुटणार नव्हती. आणि हा माणूस विहीर हा शब्दसुद्धा उच्चारत नव्हता. समोरच्या झब्ब्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ज्याची टिंगल केली त्याच्याच बाजूच्या खुर्चीत मी बसले आहे, आणि आमच्यात फरक फक्त कपड्यांचा आहे. तेव्हा मी उठले.

मेच्या पहिल्या रविवारी सभागृह नेहमीसारखंच भरलं. कारखानीस आले नाहीत, त्यांना अचानक बाहेरगावी काम निघालं होतं. बायका रिकामे डबे घेऊन बसल्या. मी माइक हातात घेतला.

"आज ताजी जलसखी मिळणार नाही," मी म्हणाले. "कुंड्यांमधली माती, झाडांसकट, सगळी मला हवी आहे. ती उकळायची आहे."

एकदम गलका झाला. पाण्याच्या टंचाईत चौदा महिने त्या गॅलऱ्यांमध्ये टोमॅटो, मिरच्या, दोडके लटकत होते. एकीने सांगितलं की तिच्या कारल्याचा वेल आत्ता फुलावर आहे. दुसरी म्हणाली, सरकारचं काहीतरी असेल, आधी वाटायचं आणि मग काढून घ्यायचं. मग तिसऱ्या रांगेतून शालनकाकू चौगुले उभ्या राहिल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गावाकडच्या, कार्यशाळेत नेहमी बिस्किटं नातवंडांसाठी रुमालात बांधून नेणाऱ्या. मी त्यांची गणना बिस्किटवाल्यांत केलेली होती.

"बाई, का उकळायची ते सांगशीला का नुसतंच उकळा?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. सब्ज्याच्या बियांपासून सुरुवात केली. हावरट जिवाणू, जाड गर, सत्तर अंश आणि चोपन्न अंश, विसण, शोषखड्डे, विहीर. फळ्यावर चित्र काढलं. वीस मिनिटं लागली, आणि त्या वीस मिनिटांत कोणी चहाच्या दिशेने पाहिलं नाही. विसणाचा भाग आला तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं, हे मला चेहऱ्यांवर दिसलं. काहींनी तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे आम्ही पोसली ही," शालनकाकू म्हणाल्या.

"हो."

"आन् हे तुमास्नी आधीपास्नं म्हाईत हुतं? कढतच लागतंय म्हनून?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का न्हाईसा?"

माइक बंद करून टाकावा असं वाटलं. "लिहून ठेवलं होतं," मी म्हणाले. "ते पान मीच काढून टाकायला सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला समजणार नाही."

गलका झाला असता तर बरं झालं असतं. पहिल्या रांगेत प्रणिता मान खाली घालून ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती. तिला माझी लाज वाटत होती.

"मला नववीला विज्ञानात पंच्याऐंशी हुतं," शालनकाकू म्हणाल्या. कुणी हसलं नाही. "ऱ्हाऊ दे. चुकून मारनं येगळं, ठरवून मारनं येगळं. ठरवून मारायचं आसंल तर धड मारू. दीडशे घरांत पातेल्यांनी हुयाचं न्हाई ते. माझ्या पुतन्याचं गुऱ्हाळ हाय कवठ्याच्या रस्त्याला. सध्या बंद हाय. काहील न्या."

गुळासाठी उसाचा रस आटवायची ती प्रचंड काहील ट्रॅक्टरवरून आली आणि बागेच्या कोपऱ्यात चुलाणावर चढली. खाली चिपाडांचा जाळ. प्रणिताने यादी केली आणि गल्लीगल्लीने कुंड्या आणवल्या. चौथ्या गल्लीतल्या दोघी येईनात, तर त्यांच्या घरी जाऊन तिने ते फळ्यावरचं चित्र पुन्हा काढलं, आणि माझ्या चित्रात खड्ड्याची बाजू उलटी होती तीही तिने सुलटी केली. कारल्याचा वेल फुलांसकट आला. शोषखड्ड्यांच्या भोवतालची वीतभर माती आम्ही फावड्याने काढली. बायका घमेली भरभरून ती काहिलीत टाकत होत्या आणि मी तापमापक बुडवून नव्वदचा आकडा झाल्याशिवाय कुणाला उपसू देत नव्हते. मी ओरडून सांगायची आणि त्या उलट ओरडायच्या की दिसतंय, आम्हालाही आकडे वाचता येतात. हे तेरा दिवस चाललं. मला ताप आला आणि दोन दिवसांत उतरला. घरी पडून राहायचं मला सुचलं नाही.

मृग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चाचणी घेतली. पहिल्या खड्ड्याशी लिटरभर पाणी पन्नास मिनिटांत उतरलं, दुसऱ्याशी सत्तर. ओढ्याकडच्या तिसऱ्या खड्ड्यात ते उतरलंच नाही. तिथे गर खूप खोल गेला होता. पुरुषभर खणूनही माती थरथरतच होती, आणि खाली आणखी किती खोल आहे याचा पत्ता नव्हता.

अहवाल मी माझ्या नावाने लिहिला, ईमेलसकट. प्रयोगशाळेने मला निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच निरोप दिला, गरम पाणी वगैरे न लागता. प्रतिष्ठानने 'शास्त्रज्ञाच्या हलगर्जीपणाबद्दल' खेद व्यक्त केला. श्रावणात कारखानीसांचा नव्या रंगाच्या बॅनरखाली फोटो पाहिला, विषय 'मधमाशी : आपली सखी'. त्या मधमाश्यांची मला काळजी वाटली.

पावसाळा बरा झाला. एरवी दसऱ्याला विहिरीच्या एकवीस पायऱ्या पाण्याखाली असतात. या वर्षी बारा होत्या. चव्वेचाळीस घरांना उन्हाळ्यापर्यंत काटकसरीने पुरलं असतं. नर्सरीला नाही. चारशेपैकी जेमतेम दीडशे रोपांपुरतं पाणी वाटणीला आलं, आणि बाकीची कोणती सोडून द्यायची हे ठरवायला प्रणिताने मला बोलावलं.

मी आनंदाने गेले. शेवटी एखादी गोष्ट तरी माझ्या अखत्यारीतली होती. काळ्या पिशव्यांच्या रांगांतून फिरत मी दुर्मिळ झाडं आधी वेगळी काढली. वारस ठेव. मोई ठेव. काळा कुडा सगळा ठेव, तो टेकड्यांवरून नाहीसा होत चाललाय. प्रत्येकाचं कारणही सांगत होते. ती सवय आता मी मुद्दाम लावून घेतली होती आणि मला माझंच कौतुक वाटत होतं. ती निमूटपणे पिशव्या उचलून एका बाजूला ठेवत होती. मग करंजांची रांग आली. साठेक रोपं.

"हे सगळे जाऊ देत," मी म्हणाले. "करंज गल्लोगल्ली असतात. त्यांच्यावर पाणी कशाला घालवायचं?"

"करंज ठेवायचे," प्रणिता म्हणाली.

"अगं, पण संवर्धनाच्या दृष्टीने..."

"अक्का, करंजाचं मूळ सरळ खाली जातं. भिंतीत शिरलं तर भिंत फोडतं, ओढ्याच्या काठची दरड धरून ठेवतं. तुमची ती चिकट माती आपण फावड्याने काढू शकलो नाही. तिसऱ्या खड्ड्याभोवती हे दाट लावले तर मुळं तिच्यातून खाली जातील. जुनी मुळं कुजली की त्यांची भोकं पडतात, त्या भोकांतून पाणी उतरतं. आमच्या माहेरी विहिरीजवळ करंज याच्यासाठीच लावायचे. आठ-दहा वर्षं लागतील. पण खड्डा उघडेल."

मी मातीत बसले. मुळांच्या वाटांनी पाणी झिरपतं यावर मी स्वतः एकदा निबंध लिहिला होता. पण त्या थरथरणाऱ्या मातीसमोर पाच महिने उभी राहून मला तो आठवला नव्हता. मला फक्त आकडे आठवत होते.

माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं की माझ्या डोक्यात काही शिरलेलं नाही. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, शेजारी बसली, काटकीने जमिनीवर खड्डा काढला, खाली जाणारं एक मूळ काढलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत, मला समजेल असं.